७ सेकंदांचा हिशोब: ट्रॅक-डेचा खर्च कुठे जळतो

ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. शर्यतीसाठी बांधलेला मार्ग एखाद्या दिवशी सामान्य वाहनधारकांना खुला होतो. आपली रोजची गाडी घेऊन यायचे, शुल्क भरायचे, हेल्मेट घालायचे आणि साधारण २० मिनिटांच्या पाळ्यांत गाडी जितकी पळेल तितकी पळवायची. करंडक नाही, क्रमांक नाही. समोरून वाहन येत नाही, गतिरोधक नाही, मध्येच आडवे जाणारे जनावर नाही. सार्वजनिक रस्त्यावर हाच प्रकार केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तो गुन्हा ठरतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वेगाची हौस असलेल्या माणसाला भारतात कायदेशीर वाट एवढीच उरते, आणि ती स्वस्त नाही.

वाटा मोजक्याच आहेत. चेन्नई–बंगळूर महामार्गालगत श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक १९९०पासून आहे. त्याला आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. त्यापूर्वी हा क्लब शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवत असे. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, जेमतेम २.१ किलोमीटरचा; एस. करिवर्धन या मोटारवेड्या गाडी-रचनाकाराचे नाव त्याला दिले आहे. उत्तरेत ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ५.१२५ किलोमीटर, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन येऊन गेली. महाराष्ट्रात तळेगावजवळचा नानोलीचा छोटा ट्रॅक आणि काही कार्टिंगचे ट्रॅक सोडले, तर या तोडीचे काही नाही. म्हणून पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या गाड्या दक्षिणेकडे निघतात. इरुंगट्टुकोट्टैच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या उभ्या करायच्या आवारात, एमएच १२ आणि एमएच ०९ या पाट्या दिसल्या की स्थानिकांना नवल वाटत नाही.

खर्चाविषयी या गाडीवाल्यांच्या गप्पा ऐकल्या तर वाटेल, सगळा पैसा प्रवेशशुल्कात आणि पेट्रोलमध्ये जातो. हिशोब मांडला की चित्र उलटे दिसते. इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक साधी हॅचबॅक गाडी साधारण २ मिनिटे २० सेकंदांत पूर्ण करते असे धरू. २० मिनिटांच्या पाळीत, पहिली आणि शेवटची संथ फेरी धरून, ७-८ लॅप होतात, म्हणजे २६-३० किलोमीटर. दिवसाच्या चार पाळ्यांत ११५ किलोमीटरच्या आसपास. रस्त्यावर लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी इथे ५ देते. तरी दिवसाचे पेट्रोल झाले २३ लिटर. पुण्याहून इथवर सातारा, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर करत सुमारे १,२०० किलोमीटर. जाऊन-येऊन त्याच गाडीला १६० लिटर लागतात. ट्रॅकवर जळणाऱ्या पेट्रोलच्या सातपट महामार्गावर जळते, आणि टोल, मुक्काम, जेवण वेगळे. पेट्रोलमध्ये काटकसर करायचीच असेल तर ती बेळगाव–हुबळी पट्ट्यात होते, ट्रॅकवर नव्हे.

दोघांनी मिळून एक गाडी नेणे हा पहिला स्वाभाविक उपाय. प्रवासखर्च निम्मा होतो आणि दुसऱ्या चालकाचे शुल्क बहुधा पूर्ण गाडीइतके नसते. मात्र यात एक खोच आहे. एकाची पाळी संपली की दुसरा लगेच आत बसतो, गाडीला थंड व्हायला वेळच मिळत नाही. माणसे विश्रांती घेतात, ब्रेक घेत नाहीत. दोघांनी मिळून चारच पाळ्या चालवायच्या ठरवल्या तर ही बचत खरी. दोघांनी चार-चार चालवल्या तर वाचलेला प्रवासखर्च टायरवाल्याकडे जमा होतो.

पैसा खरा कुठे जातो ते पॅडॉकमध्ये नाकाला कळते. खंबाटकी किंवा कसारा घाटात उतरणाऱ्या मालट्रकच्या मागे जो जळका, आंबूस वास येतो तोच इथे दुपारी बाराच्या सुमारास सगळीकडे भरलेला असतो. तो ब्रेक पॅडचा वास. आणि तो वास जिथून येतो त्या गाडीकडे न बोलावता चालत जाणारा एक माणूस या पॅडॉकमध्ये आहे. त्याला सगळे अण्णा म्हणतात. साठीच्या पुढचा, खाकी अर्ध्या बाहीचा शर्ट, वरच्या खिशात हवा मोजायचा गेज आणि काडीपेटी. तो विडी ओढत नाही. काडीपेटी ब्रेक पॅड मोजायला असते. चाकाच्या आऱ्यांमधून हात घालून पॅडच्या जाडीला तो काड्या लावून बघतो. एक काडी म्हणजे सुमारे २ मिलिमीटर. तीन काड्यांची जाडी उरली असेल तर मान हलवतो. त्याहून कमी असेल तर मालक कितीही मोठा असो, ‘नको’ म्हणतो. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो. पातळ झालेला पॅड उष्णता अडवत नाही, ती थेट मागच्या पिस्टनकडे आणि ब्रेक ऑइलकडे जाते, हे त्याचे कारण तो सांगत बसत नाही.

तो एकच गोष्ट सांगतो, तमिळ-हिंदीच्या मिश्रणात, आणि दिवसभर सांगत राहतो: ‘सात सेकंद सोडा, निम्मा खर्च वाचेल.’ २ मिनिटे २० सेकंदांत जी गाडी फिरते ती २ मिनिटे २७ सेकंदांत फिरवा, एवढाच अर्थ. १४० सेकंदांतले ७, म्हणजे ५ टक्के. नवीन आलेले तरुण हे ऐकून हसतात. एवढे लांब येऊन हळू चालवायचे?

‘निम्मा’ हा शब्द पहिल्यांदा ऐकताना शंकास्पदच वाटतो. भौतिकशास्त्र एवढी सूट देत नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून सगळीकडे वेग ५ टक्क्यांनी कमी केला तर ब्रेकना गिळावी लागणारी उष्णता सुमारे १० टक्क्यांनी कमी होते. वळणावर टायरवर येणारा आडवा जोरही तितकाच, १० टक्के, घटतो. १० टक्क्यांच्या घटीने निम्मा खर्च कसा वाचतो? उत्तर असे, की गाडीचे भाग खर्चाच्या बाबतीत सरळ रेषेत वागत नाहीत. प्रत्येकाला एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे झीज जवळजवळ रस्त्यासारखीच होते; पलीकडे गेले की तासाभरात तो भाग बाद होतो. अण्णांचे ७ सेकंद म्हणजे त्या उंबरठ्याच्या अलीकडे राहण्याची किंमत. नेमका निम्मा खर्च वाचेल की एक तृतीयांश, हे गाडीवर अवलंबून आहे. दिशा मात्र त्यांनी बरोबर सांगितली आहे, आणि ती महागड्या सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये सापडत नाही.

ब्रेकचेच घ्या. १,००० किलोची गाडी १४० किलोमीटर वेगावरून ७० वर आणायची तर सुमारे ५६७ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. जवळजवळ दोन लिटर पाण्याला उकळी आणायला तेवढी पुरते. हे एका वळणासाठी, ३-४ सेकंदांत, चार चाकांच्या ब्रेकवर, आणि त्यातही बहुतांश पुढच्या दोनवर. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. १,६०० किलोच्या एसयूव्हीला त्याच वळणावर ९०० किलोज्यूलच्या वर पचवावे लागते. रस्त्यावर असा प्रसंग महिन्यातून एखाद्या वेळी येतो, इथे मिनिटातून दोनदा-तीनदा.

या उष्णतेचा पहिला बळी पॅड नसून ब्रेक ऑइल असते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, डॉट ४ किमान २३० अंशांना. हे आकडे बंद डब्यातल्या ऑइलचे. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषते, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की डॉट ४चा उत्कलनबिंदू १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो, डॉट ३चा १४० पर्यंत. मुंबई-कोकणाच्या हवेत दोन-तीन पावसाळे काढलेले ऑइल घेऊन माणूस चेन्नईच्या उन्हात ट्रॅकवर उतरतो. तिसऱ्या-चौथ्या लॅपला ते उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते पण जोर पुढे देत नाही, आणि पेडल तळापर्यंत जाते. यानंतर जे होते त्याची किंमत ब्रेकच्या खात्यात धरता येत नाही. ती बोनेट, रेडिएटर, चासी आणि कधी हाडे यांच्या खात्यात जाते. उपाय काहीशे रुपयांचा आहे: निघण्यापूर्वी ताजे डॉट ४ किंवा डॉट ५.१ भरून नीट ब्लीडिंग करून, म्हणजे नळ्यांतली हवा काढून, घेणे. डॉट ५ मात्र वेगळेच, सिलिकॉनचे. नाव सारखे म्हणून ते कधीच भरू नये. ट्रॅकवर केलेल्या सगळ्या खर्चांत परताव्याच्या दृष्टीने याला तोड नाही, आणि बहुतेकांच्या यादीत हा सगळ्यात शेवटी असतो. यादीच्या वर सायलेन्सर असतो.

पॅड बदलायचे की नाही हा पुढचा प्रश्न. लहान हॅचबॅकचे पुढचे साधे पॅड दीड-दोन हजारांत येतात. ट्रॅकसाठी बनवलेले त्याच्या कितीतरी पट महाग, शिवाय थंड असताना नीट धरत नाहीत. महामार्गावरून घरी परतायचे असेल तर ते सोयीचे नाहीत. ज्याला ७ सेकंद सोडायचे आहेत त्याला कंपनीचे नवे पॅड आणि एक जादा जोडी पुरते. ज्याला सोडायचे नाहीत त्याला काहीच पुरत नाही.

मग येते ती थंड लॅप. पाळीची शेवटची फेरी वरच्या गिअरमध्ये, ब्रेकला शक्यतो पाय न लावता काढायची. वाऱ्याने डिस्क थंड होतात. कागदावर हे सर्वांना ठाऊक आहे. पाळी संपल्याचा झेंडा दिसल्यावर निम्मे लोक शेवटच्या वळणापर्यंत जोरात येतात आणि तसेच पॅडॉकमध्ये घुसून हँडब्रेक ओढतात. लालबुंद डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून धरला की त्याचा थर तिथे चिकटतो. नंतर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते, लोक म्हणतात डिस्क वाकली, आणि नव्या डिस्क विकत घेतल्या जातात. अण्णांच्या काखेत म्हणूनच दोन लाकडी ठोकळे असतात. गाडी थांबायच्या आत ते चाकामागे पोचतात, ठोकळा सरकवतात आणि खिडकीतून हात घालून हँडब्रेककडे गेलेला चालकाचा हात बाजूला करतात. ओळख नसलेल्या माणसाचा हात असा धरणे काहींना आवडत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून बोनेट उघडले जाते. पाच मिनिटे कोणी काही बोलत नाही.

टायरचा हिशोब मोठा, कारण ते चार असतात. जुन्या हॅचबॅकच्या १३-१४ इंची टायरला चार-पाच हजार पडतात. १८ इंची रुंद टायर तिप्पट-चौपट जातात. चाकाचा आकार वाढवणे म्हणजे पुढच्या प्रत्येक ट्रॅक-डेचे भाडे वाढवून ठेवणे. शोरूममधून निघाल्याबरोबर मोठे अलॉय बसवणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. विकणारा तर नाहीच.

टायर वाचवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग हवा मोजणे. ३२ पीएसआय थंड हवा भरून निघालेल्या टायरमधले तापमान ३० अंशांवरून ७५ वर गेले की दाब ३९च्या आसपास जातो. फुगलेला टायर मध्यभागावर चालतो, घसरतो, घसरल्याने आणखी तापतो. म्हणून पाळी संपल्या संपल्या, गरम असतानाच, गेज लावून जादा हवा सोडायची. अण्णा सोडलेल्या हवेचा हिशोब प्रत्येक गाडीमागे एका छोट्या वहीत पेन्सिलीने लिहितात: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचे दोन. बहुतेक ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतात, त्यामुळे उजवी वळणे जास्त आणि ओझे डाव्या टायरवर जास्त. डाव्या-उजव्यांचे आकडे वेगळे निघाले तर तो गेजचा दोष नसतो. दुपारनंतर डावे टायर उजवीकडे आणि उजवे डावीकडे केले तर झीज वाटली जाते, मात्र टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर हे करता येत नाही.

कडेची झीज बघायला पांढऱ्या खडूची एक रेघ पुरते. टायरच्या खांद्यावरून बाजूच्या भिंतीपर्यंत ओढायची आणि पाळीनंतर ती कुठवर पुसली गेली ते पाहायचे. भिंतीपर्यंत पुसली असेल तर टायर वळणावर पार लोळतो आहे: हवा फारच कमी, किंवा वेग फारच जास्त, किंवा चाकांना पुरेसा कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा कल, नाही. पुढच्या चाकांना थोडा जास्त ऋण (वरून आत झुकणारा) कॅम्बर दिला की बाहेरची कड वाचते. बऱ्याच साध्या गाड्यांत अलाइनमेंटवाला नट-बोल्टच्या फटीत जमेल तेवढा देऊ शकतो, आणि तो अलाइनमेंटच्याच पैशांत होतो.

संध्याकाळची एक गोष्ट या सगळ्यात धोक्याची. गरम टायर ३२ वर आणून ठेवले की ते थंड झाल्यावर २६ वर येतात. चार माणसे, बॅगा, रात्रीचा महामार्ग आणि २६ची हवा हा टायर फुटण्याचा सरळ नुसखा आहे. अण्णा हवा भरल्याशिवाय गाडीला फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत. वहीतल्या प्रत्येक गाडीपुढे शेवटी एक बरोबरची खूण असते, ती याची.

इंजिनाचे काम थोडक्यात सांगता येते. ऑइल ताजे आणि पातळी वरच्या खुणेला टेकलेली. लांब वळणावर ते एका बाजूला ढकलले जाते आणि पंपाला हवा लागली तर बेअरिंग जातात. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ द्यायची नाही, त्याच कारणाने. रेडिएटर स्वच्छ, चाकांचे नट प्रत्येक पाळीनंतर पुन्हा आवळलेले. डिकीतली स्टेपनी, जॅक, पायपोस, देवाची मूर्ती, पाण्याच्या बाटल्या बाहेर काढायच्या. सुटे सामान वळणावर गोळ्यासारखे उडते म्हणून हे सक्तीचे असते. १५-२० किलो कमी झाल्याने ब्रेक-टायरचीही तेवढीच सोय होते. लाल रेषेपर्यंत न ताणता ५०० फेरे आधी गिअर टाकला तर ७ सेकंदांपैकी एखादा तिथेच सुटतो.

ईएसपी बंद करायचे का, यावर पॅडॉकमध्ये वाद रंगतात. चालू ठेवले तर ते गाडी सावरण्यासाठी एकेक चाकाला स्वतःहून ब्रेक लावते आणि पॅड लवकर संपवते, हे खरे. पण पॅडची एक जोडी आणि एक भिंत यांच्या किमतींची तुलना करायला गणित लागत नाही.

गाडी कोणती, हा प्रश्न खरे तर सगळ्यात आधीचा. लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात. हलकी, लहान, जिचे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावात मिळतात ती. भारतीय मोटरस्पोर्टमध्ये मारुतीची एस्टीम वर्षानुवर्षे राबली ती याच कारणाने: १.३ लिटरचे इंजिन, ९०० किलोच्या आत वजन, १३ इंची चाके. जुनी सुझुकी-मारुती कुटुंबातली कोणतीही हॅचबॅक आजही हेच काम करते. मोठ्या इंजिनाची जर्मन गाडी सरळ पट्ट्यावर तिला मागे टाकते आणि दोन पाळ्यांनंतर बोनेट उघडून उभी राहते. एस्टीम चौथ्या पाळीलाही जाते. आनंद मिनिटांत मोजला तर कोण पुढे, ते सांगायला नको. एक अडचण आहे. एस्टीमचे उत्पादन २००७ साली थांबले. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची; त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. कागद संपलेली गाडी रस्त्याने चेन्नईला नेता येत नाही, आणि ट्रकवर चढवून नेली तर स्वस्त गाडीचा मुद्दाच संपतो. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध येत-जात राहिले आहेत, तेव्हा बुद्ध सर्किटला जुनी गाडी न्यायची तर त्या वेळचा नियम पाहूनच.

ट्रॅकच्या निवडीतही पैसा दडलेला आहे. कारीवर छोट्या सरळ पट्ट्याच्या टोकाला गाडी १०० वरून ६० वर आणावी लागते असे धरू, तर १,००० किलोच्या गाडीचे ब्रेक सुमारे २५० किलोज्यूल गिळतात. बुद्ध सर्किटवर, जिथे एक सरळ पट्टा किलोमीटरहून लांब आहे, तीच गाडी १७० वरून ८० वर आणताना ८७० किलोज्यूल. साडेतीनपट. मोठ्या ट्रॅकवरचा फोटो घरी दाखवायला छान. लहान ट्रॅकवर शिकायला वळणे तासाला जास्त मिळतात आणि पॅड टिकतात. पहिल्या वर्षासाठी लहान ट्रॅक बरा, त्याहूनही आधी कार्टिंग. कोल्हापुरात किंवा पुण्यात कार्टवर घालवलेली दुपार ब्रेक कुठे सोडायचा आणि गाडी वळणात कधी ओढायची हे जे शिकवते, तेच इरुंगट्टुकोट्टैला शिकायला टायरचा एक संच जातो.

७ सेकंद नेमके कुठे सोडायचे, हे अण्णा बोलून दाखवत नाहीत. ते पिटच्या भिंतीला टेकून गाड्यांकडे पाठ करून उभे राहतात. ऐकतात. टायर वळणावर बारीक गुणगुणला तर ठीक. किंचाळला तर मान वळते. मग नजर ब्रेकच्या लाल दिव्यांवर: एकदा लागले, सुटले, संपले, तर चालक ठीक. लागले, सुटले, वळणात पुन्हा लागले, तर तो आत फार वेगाने घुसला आहे आणि घाबरला आहे. तो ब्रेकही तापवतो आणि वेळही घालवतो. आश्चर्य असे, की दिवसभरात अनेकांची वेळ ७ सेकंद सोडायचा प्रयत्न करताना उलट सुधारते. ब्रेक थोडा आधी, एकदाच, ठामपणे, वळणात शांतपणे, बाहेर पडताना लवकर पेट्रोल. सोडलेल्या ७ सेकंदांतले ३-४ परत येतात आणि वास येत नाही. एखाद्या प्रशिक्षकाला तासभर शेजारी बसवण्याचे पैसे सस्पेन्शनच्या नव्या संचापेक्षा कितीतरी कमी, आणि ते दरवर्षी पुन्हा भरावे लागत नाहीत.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. मोटरसायकलचे पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट अनेक आयोजक नवशिक्यांना चालवून घेतात. मोटारीच्या शर्यतीसाठीच्या स्नेल एसए प्रतीच्या हेल्मेटचे अस्तर आगीला दाद देत नाही, मोटरसायकलच्या एम प्रतीत ती अट नाही. वर्षातून एकदाच जाणाऱ्याने चांगले भाड्याने घेतले तरी चालते. पडलेले, आदळलेले, मित्राचे जुने हेल्मेट घेऊ नये.

शेवटचा आणि सगळ्यात मोठा खर्च पावतीवर दिसत नाही. भारतातल्या खासगी मोटार विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादांची एक ओळ असते. संघटित शर्यत, वेग चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी वापर झाला तर संरक्षण नाही, असे तिथे म्हटलेले असते. ट्रॅक-डे ही शर्यत नव्हे हा युक्तिवाद मित्रांमध्ये चालतो. दाव्याच्या टेबलावर तो चालेल या भरवशावर गाडी नेणे हा जुगार आहे. गाड्यांच्या वॉरंटीतही असाच अपवाद असतो. शिवाय ट्रॅक-डेच्या नोंदणीच्या वेळी जबाबदारी नाकारणारा कागद सही करून द्यावा लागतो आणि अनेक ट्रॅकवर तुटलेल्या कठड्याचे पैसेही चालकाकडून घेतले जातात. म्हणजे हिशोबात प्रवेशशुल्क, पेट्रोल, पॅड, टायर यांच्या खाली एक ओळ गाडीच्या पूर्ण किमतीची आहे. ती बहुतेक वेळा शून्य असते आणि एखाद्या वेळी सगळीच्या सगळी. हप्त्यांवर घेतलेल्या १५ लाखांच्या गाडीसाठी ही ओळ आणि लाखभराच्या जुन्या एस्टीमसाठी ही ओळ यांत जो फरक आहे, तो कोणत्याही ब्रेक पॅडने भरून निघत नाही. खर्च कमी करण्याचा सर्वात परिणामकारक उपाय गाडी निवडतानाच होऊन जातो, आणि दुसरा अण्णांच्या ७ सेकंदांत आहे. बाकी सगळे किरकोळ.

म्हणून नोंदणीचे पैसे भरण्याआधी पॉलिसीचे ते पान काढून वाचावे. वाचूनही जायचे ठरले तर ताजे ब्रेक ऑइल भरून घ्यावे, आणि हवेचा गेज स्वतःचा न्यावा. पेट्रोल पंपावरच्या यंत्राचे आकडे एका पंपाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत.